धोब्याच्या वहीतलं बोर्डिंग : पाचगणीच्या चर्चच्या शाळा आणि खालचं गावठाण

गावठाणातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात घराचे पत्रे बदलायला काढले तेव्हा माळ्यावर आजोबांची वही सापडली. लाल कापडाच्या बांधणीची, उभी, रोजकीर्दीला वापरतात तसली. आम्ही परीट. पणजोबा वाईहून घाट चढून वर आले आणि आजोबांनी पाचगणीतल्या एका लहानशा चर्चच्या बोर्डिंगचे कपडे जन्मभर धुतले. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे दोन-चार कडू गोष्टी येतील, आणि तिथल्या काही जुन्या लोकांशी आमचं अजून जाणं-येणं आहे.

वहीत काय आहे? डावीकडे आकडा. १२. ३१. ४७. त्यापुढे 'स. ३, च. ४, अ. १, मो. २'. म्हणजे सदरे, चड्ड्या, अभ्रे, मोज्यांचे जोड. अख्ख्या वहीत एकाही मुलाचं नाव नाही. ४७चा मोजा तीन आठवडे लागोपाठ कमी दाखवलाय आणि चौथ्या आठवड्यात पुढे 'मि.' लिहिलंय. मिळाला. त्या 'मि.'ला आजोबांनी खाली दोन रेघा मारल्यात. किती जीव भांड्यात पडला असेल ते त्या रेघांवरून कळतं, कारण हरवलेल्याचे पैसे महिन्याच्या हिशेबातून कापत.

आधी कपड्यावर खूण बिब्ब्याची असायची. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकावर आलेल्या रसाने कॉलरच्या आत आकडा काढायचा, वर चुना फिरवायचा. ती खूण भट्टीतूनही जात नाही, कापड फाटेल पण आकडा राहील. पण बिब्बा उततो. एका मुलाच्या मानेवर फोड आले, तेव्हा मेट्रनबाईंनी (वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई) बिब्बा बंद करून लाल दोऱ्याने आकडे घालायला सांगितले. हे काम आजीकडे आलं. त्याचे वेगळे पैसे कधीच मिळाले नाहीत. दोरासुद्धा आमचाच.

आणि पावसाळ्यात कपडे वाळवणं म्हणजे काय, ते खालच्या लोकांना नाही कळायचं. शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचं, त्यावर चड्ड्या पसरायच्या, आणि रात्री उठून उठून उलटायच्या. वडील सांगायचे, जून ते सप्टेंबर आमच्या घराला धुराचा आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या चड्ड्यांचा वास असायचा.

आता थोडा इतिहास, कारण धाग्याचं निमित्त तोच आहे.

शाळा इथेच का आल्या हे समजायला आधी इथला पाऊस समजून घ्यावा लागतो. साहेबांनी आधी धरलं ते महाबळेश्वर. मुंबईचा गव्हर्नर माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्यात जागेची अदलाबदल होऊन १८२८-२९च्या सुमारास तिथे ठाणं बसलं. पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून लागला की सगळं बाडबिस्तर खाली. पाचगणी तिथून अवघी १८-१९ किलोमीटर पूर्वेला, डोंगराच्या आडोशाला, आणि पाऊस निम्म्याहून कमी. जॉन चेसन या साहेबाने रुस्तमजी दुबाश यांच्याबरोबर हे डोंगर पालथे घातले आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, ताईघाट या पाच गावांमधली ही जागा पक्की केली.

चेसनने सिल्व्हर ओक लावले हे प्रत्येक गाइड सांगतो. त्याने शिंपी, परीट, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे कंत्राटदार बोलावून त्यांना बाजाराच्या खालच्या अंगाला जागा दिली, हे फारसं कोणी सांगत नाही. तेच गावठाण. आमचं घर त्यातलं. त्याची कबर सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे.

बारा महिने पोरं ठेवता येतील अशी हवा सापडल्यावर चर्चवाले आले. १८९५ला बेल्जियमच्या 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या कॅथलिक सिस्टरांचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट. १८९८ला किमिन्स शाळा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपियन बॉईज हायस्कूल, तेच आजचं सेंट पीटर्स. त्यांचं बघून पारशांची बिलिमोरिया १९०८ला, १९२२ला हिंदू हायस्कूल म्हणजे आताचं संजीवन, १९४५ला बहाई लोकांची न्यू एरा. शिवाय मध्ये मध्ये लहान लहान बोर्डिंगं.

आमच्या गिऱ्हाईक शाळेची स्मरणिका मला एका माजी विद्यार्थ्याने पाठवली. गुळगुळीत कागद. सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो, कोण कुठल्या साली कप्तान, कोणत्या खिडकीची रंगीत काच कोणी दिली. खानसामा, माळी, परीट, दूधवाला यांच्या वाट्याला शेवटच्या पानावर 'आमचा निष्ठावान सेवकवर्ग' एवढी एक ओळ. मला राग आला, पण मग वही आठवली. आमच्या वहीत तरी त्यांचं नाव कुठे आहे?

कोणाकडे अशा शाळांच्या, त्यांच्या आसपासच्या माणसांच्या आठवणी असतील तर लिहा.

मेणवलीकर

वाचतोय. बिब्ब्याचं वाचून अंगावर काटा आला, लहानपणी एकदा उतलाय.

एक भर. त्या काळी या शाळांची पोरं वाठार स्टेशनला उतरायची. पुणे-मिरज लाईनवर पाचगणी-महाबळेश्वरसाठी तेच स्टेशन. तिथून वाई आणि मग पसरणीचा घाट. आमच्या घरात बैलगाड्या होत्या आणि टर्म सुरू व्हायच्या आठवड्यात ट्रंका वाहायचं काम असायचं, असं थोरले काका सांगत. पोरं टांग्यात पुढे आणि ट्रंका मागून दुसऱ्या दिवशी. पहिली रात्र पोरं म्हणे अंगावरच्याच कपड्यांत झोपायची.

सडेतोड

लेख चांगला आहे पण गुलाबी चष्मा काढा. चर्चच्या शाळा कशासाठी होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षणाच्या नावाखाली बाटवाबाटवी. त्यावर एक अक्षर नाही.

गावठाणातला

@सडेतोड, गुलाबी कुठे दिसलं? दोऱ्याचे पैसे दिले नाहीत हे लिहिलंय की वर.

कृष्णाकाठ

@सडेतोड, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करताय. बरेच जण करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सांगलीचा, मराठी ख्रिस्ती, तिसरी पिढी.

पाचगणीच्या त्या शाळा गोऱ्यांच्या पोरांसाठी होत्या. रेल्वे, पोलीस, कस्टम, तारखातं यांतले गोरे आणि अँग्लो-इंडियन, ज्यांना पोरं विलायतेला पाठवायला परवडत नसे. चर्चला धास्ती अशी की ही पोरं 'इथलीच' होऊन जातील. १८५७नंतर कलकत्त्याचे बिशप कॉटन यांनी अशा शाळांचा धोशा लावला होता, शिमल्याची शाळा १८५९ची, ती त्यातलीच. तिथे बाटवायचं कोणाला? पोरं आधीच ख्रिस्ती! गावठाणातल्या परटाच्या पोराला तर त्या वर्गात बसायचीच सोय नव्हती.

मिशन वेगळं. आपल्या भागात अमेरिकन लोक होते. सातारा-वाईला अमेरिकन मराठी मिशन. रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात, १९१७ला, साताऱ्यातच येऊन राहिले होते. आमच्याकडे सांगली-मिरज-कोल्हापूरला अमेरिकन प्रेसबिटेरियन. डॉ. वानलेस १८८९ला आले ते आधी सांगलीतच, मग मिरजेला १८९४ला हॉस्पिटल झालं, वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.

या मिशननेही बोर्डिंग काढलं, पण ते बघितलं तर तुम्हाला पाचगणीची आठवण येणार नाही. माझे आजोबा सांगलीच्या मिशनच्या शाळेत शिकले. सकाळी शेतात काम, मग वर्ग, दुपारी सुतारकाम. रंधा मारता आला नाही तर वरच्या वर्गात घालत नसत, असं ते म्हणायचे. त्यांनी तिथे शिकत असताना केलेला पाट आमच्याकडे आहे, एक पाय आखूड आहे, कारण तो त्यांचा पहिला पाट. जेवण ज्वारीची भाकरी आणि आमटी. घंटा मात्र दोन्हीकडे सारखीच.

धर्मांतर झालंच नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू, मी स्वतः त्याचाच पुरावा आहे. पण आमच्या पणजोबांना गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, हेही त्याच वाक्यात लिहावं लागेल.

अवांतर : १९७०ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा पाचगणीचं साहेबांचं अँग्लिकन चर्च आणि आमचं भाकरी-आमटीचं चर्च एका छत्राखाली आलं. आमच्या आजोबांची प्रतिक्रिया, 'आता तरी त्यांच्या बाकावर बसू देतील.'

सडेतोड

माहितीबद्दल आभार. गल्लत झाली हे मान्य. बाकीच्या मुद्द्यांवर नंतर कधीतरी.

धनिणीची_बाग

साताऱ्यात लहानाची मोठी झाले. आमच्याकडे 'बोर्डिंग' म्हटलं की पाचगणी डोळ्यांसमोर येतच नाही, कर्मवीर अण्णा येतात. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ला काले गावी, मग १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग, १९२७ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी मंगळसूत्र मोडलं, हे आमच्या शाळेत दर वर्षी भाषणात असायचं आणि दर वर्षी बाईंचा आवाज त्याच जागी भरून यायचा.

धागाकर्त्यांची परटाची वही वाचली आणि वडिलांना विचारलं (ते रयतच्या एका बोर्डिंगात होते, नंतरच्या काळात). 'तुमचे कपडे कोण धुवायचं?' म्हणाले, 'कोण म्हणजे? आम्ही. ओढ्यावर. एक सदरा अंगात, एक दगडावर.' एकाच जिल्ह्यात, पन्नास मैलांच्या आत, एकाच शब्दाचे दोन अर्थ.

वकिलीण

उशिरा आले धाग्यावर. पण तुम्ही सगळे १९४७ ओलांडून पुढे गेलाच नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

गोरे निघून गेले. शाळांचे पलंग रिकामे. घटनेच्या कलम ३३७ने अँग्लो-इंडियन शाळांचं अनुदान एकदम तोडलं नाही. पहिली तीन वर्षं पूर्वीइतकंच, मग दर तीन वर्षांनी दहा टक्के कमी करता येईल, आणि दहा वर्षांनी बंद. पण अट अशी की दर वर्षीच्या प्रवेशांपैकी निदान चाळीस टक्के जागा इतर समाजांना खुल्या ठेवायच्या. म्हणजे दारं उघडायला सरकारनेच सांगितलं.

आणि मग ६ जानेवारी १९५४ला मुंबई सरकारनेच (मोरारजीभाई मुख्यमंत्री) फतवा काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून दुसऱ्या कोणाला घ्यायचं नाही. हेतू मातृभाषेतून शिक्षण हा. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलमध्ये तेव्हा ४१५ मुलं, त्यातली २१२ अँग्लो-इंडियन. उरलेली २०३ इतर भारतीय. ती शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी १८१५ची, तीही चर्चच्या लोकांनी काढलेली. ती कोर्टात गेली, प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालकही गेले. हायकोर्टात सरकार हरलं. सुप्रीम कोर्टात २६ मे १९५४ला पुन्हा हरलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : निव्वळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही (कलम २९ (२)), आणि ज्या अटीवर अनुदान देता ती अट पाळायलाच बंदी कशी घालता?

हा निकाल आमच्याकडे घटनेच्या पेपरला हमखास असतो. पण कोणी असं शिकवत नाही की तो उलटा लागला असता तर पाचगणीच्या निम्म्या शाळांना कुलूप लागलं असतं. हे माझं मत आहे, निकालपत्रातलं नाही. अनुदान आटल्यावर या शाळा फीवर जगल्या आणि फी द्यायला लागली मुंबईची, गुजरातची, आफ्रिकेतली व्यापारी आणि नोकरदार घरं. नाव चर्चचं, प्रार्थना चर्चची, पैसा पालकांचा. 'स्वतंत्र शाळा' म्हणतात ती अशी.

मातृभाषेच्या बाजूने मन आणि निकालाच्या बाजूने डोकं, अशी माझी गोची आजही आहे.

स्ट्रॉबेरी_सीझन

आणि त्याच दशकात झांजिबारहून फारूख बलसारा आला न्यू एरामध्ये! म्हणजे आपला फ्रेडी मर्क्युरी!

वकिलीण

सेंट पीटर्समध्ये. न्यू एरा नव्हे. तिथेच त्याचं 'फ्रेडी' झालं आणि 'द हेक्टिक्स' नावाचा पोरांचा बँडही तिथलाच.

स्ट्रॉबेरी_सीझन

चुकलो. दुरुस्ती मान्य. पण @गावठाणातला, वहीत बघा ना, त्याचा नंबर असेल तर लिलावात कोटीला जाईल :)

गावठाणातला

आमची शाळा ती नव्हे. आणि असती तरी वहीत तो 'स. ३, च. ४' एवढाच असता.

@वकिलीण, तुमच्या प्रतिसादाने एक कोडं सुटलं. वहीत एका वर्षी आकडे एकदम कमी होतात, साठावरून तिशीच्या आत. आजोबांनी समासात लिहिलंय, 'गोरे गेले, चादरी नाहीत.' दोन-तीन वर्षं तसंच. मग हळूहळू आकडे वाढतात आणि एक नवीन अक्षर येतं, 'सु.'. बरेच दिवस कळेना. परवा आत्याने सांगितलं, सुदरा, पारशांचा आत घालायचा पवित्र सदरा. पारशी पोरं आली तेव्हा त्यांचे सुदरे धुवायला यायला लागले. पातळ मलमलीचे, आजोबा ते स्वतः हाताने धुवायचे, भट्टीत घालायचे नाहीत.

ट्रंक_नं_१९

काका, गेले चार दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी सांगलीचा. हळदीच्या पेठेतलं घर. सत्तरच्या दशकात वडिलांना वाटलं, पोरगा इंग्रजी बोलला पाहिजे, म्हणून दहाव्या वर्षी मला पाचगणीला टाकलं. लहान शाळा होती, चर्चची, शंभराच्या आतच पोरं. तुम्ही नाव दिलं नाही, मीही देत नाही. पण तुम्ही लिहिलेली रंगीत काच आणि लाल दोऱ्याचे आकडे वाचून मला खात्री आहे की आपण एकाच शाळेबद्दल बोलतोय.

पहिल्या टर्मला मराठी बोललं की पंचवीस पैसे. वहीत मांडून ठेवत आणि सुट्टीला जाताना पॉकेटमनीतून वळते करत. मी पहिल्या टर्मला घरी गेलो तो उधारी घेऊनच. जेवणाआधी उभं राहून ग्रेस म्हणजे प्रार्थना, संध्याकाळी प्रेप म्हणजे अभ्यास, साडेआठला लाईट्स आऊट. चॅपलला सगळ्यांनी जायचं, पण प्रार्थना म्हण असं मला कोणी कधी सांगितलं नाही. फादर एकदा म्हणाले, तू तुझं काय ते मनात म्हण, पण पाय हलवू नको. मी मनात 'सुखकर्ता' म्हणायचो. पाय हलायचेच.

टक बॉक्सला, म्हणजे खाऊच्या पेटीला, मेट्रनचं कुलूप असायचं, रविवारी उघडायचं. आईने दिलेला भडंग रविवारपर्यंत कुठला टिकायला! शिवाय लसणाचा वास सुटायचा. म्हणून मी तो मोज्यात भरून, गाठ मारून गादीखाली ठेवायचो. रात्री एकेक चिमूट. शेजारच्या पलंगावर मोम्बासाचा एक गुजराती पोरगा होता, त्यालाही चटक लावली.

गावठाणातली पोरं कुंपणापलीकडून आमच्याशी मराठीत बोलायची. तेवढंच. परीटकाका शनिवारी गाठोडं घेऊन यायचे. मला एकदा म्हणाले होते, 'सांगलीचा का रं तू?' कसं ओळखलं विचारलं तर नुसते हसले. ते तुमचे आजोबा असतील का?

गावठाणातला

आजोबा तोवर थकले होते. ते माझे वडील. त्यांनी कसं ओळखलं ते मी सांगतो, कारण काल तुमचा प्रतिसाद वाचून त्यांची वही काढली. तीही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.

१९ : स. २, च. ३, अ. १, पंचा १.

सगळ्या पानांवर टॉवेल आहेत. पंचा फक्त तुमच्याच आकड्यापुढे. त्यावर तुमच्या दुकानाच्या नावाचा शिक्का होता म्हणे, सांगलीचा.

ट्रंक_नं_१९

आईने घातला होता ट्रंकेत. यादीत 'दोन टॉवेल' लिहिलं होतं, तिने एक टॉवेल आणि एक पंचा दिला. म्हणाली, पावसात पंचा लवकर वाळतो.

थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. धन्यवाद काका.

गावठाणातला

काका नका म्हणू, मी तुमच्यापेक्षा लहान आहे.

आणि दादा, एक राहिलंच. १९च्या पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी 'मो. १ कमी' आहे. मोजलं, एकूण सहा नोंदी. एकदाही पुढे 'मि.' नाही. वडिलांच्या हिशेबातून ते पैसे कापलेले दिसतात. आता कळलं भडंग कशात जात होता.

ट्रंक_नं_१९

सहा नाही, सात. एक ट्रंकेतून घरी आला होता. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मोज्यांचे सात जोड आणि भडंगाचा डबा घेऊन येतो.